धूर, सिलिंडर आणि सातबारा

(जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात 'ऊर्जा धोरण आणि स्त्रिया' या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मेळाव्याच्या पत्रिकेवर हा विषय छापून आला तेव्हा आपल्यातल्याच काहीजणींनी विचारले, की हा विषय आपल्याकडे कशासाठी? आपण पोटगीवर बोलतो, दारूबंदीवर बोलतो, रेशन, हुंडा, नवऱ्याची मारझोड यांवर बोलतो. कोळसा, वीज, पेट्रोल, सौरऊर्जा हे विषय इंजिनियरांचे आणि मंत्र्यांचे. त्यात आपण बायकांनी काय बोलायचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते आणि मग पुढे जाते.

ऊर्जा म्हणजे काम करण्याची ताकद. ती कुठून तरी आणावी लागते. शहरात ती तारेतून येते, नळीतून येते, पंपावर मिळते. खेड्यात आणि वस्तीत ती फार मोठ्या प्रमाणावर बाईच्या डोक्यावरून येते. सरपणाची मोळी, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या ही सगळी ऊर्जाच आहे. ती गोळा करणारी, वाळवणारी, पावसाळ्याच्या आधी रचून ठेवणारी बाईच असते. देशाच्या ऊर्जेचा हिशेब मांडताना कोळसा किती टन खणला, तेल किती आयात केले याची नोंद होते. मोळी आणणाऱ्या बाईने किती तास चालून ती आणली याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. सरकारच्याच २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले, की घरातील बिनमोल कामात बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते आणि पुरुष ८८ मिनिटे. बाईचे जवळजवळ पाच तास, पुरुषाचा दीड तास. बाईच्या या पाच तासांतला किती वेळ चुलीपाशी आणि चुलीसाठी जातो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

तेव्हा या देशात ऊर्जा पुरवणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी कामगार आपण बायकाच आहोत. आज देशभर ऊर्जेची नवी घडी बसवली जात आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने जाहीर केले, की २०७० पर्यंत आपण 'नेट झिरो'ला, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ अशा स्थितीला पोहोचू. त्यासाठी कोळसा, तेल, गॅस ही जमिनीतून काढलेली इंधने कमी करायची आणि सूर्य, वारा, पाणी यांकडे वळायचे. हे करायला हवे यात वाद नाही. अवेळी पाऊस, गारपीट आणि वाढता उन्हाळा आपण शेतावर अनुभवतोच. माझा मुद्दा इतकाच आहे, की घडी नव्याने बसत असते तेव्हाच आपली जागा मागून घ्यावी लागते. एकदा बसली की कोणी विचारत नाही.

चुलीचा धूर

सुरुवात चुलीपासून करू. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. पण तो धूर आजार म्हणून मोजायला १९८० चे दशक उजाडावे लागले. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. ते निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे कारखान्याचे धुराडे आणि शहरातल्या मोटारी, अशीच समजूत होती. त्यानंतर जगभर अभ्यास झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. न्युमोनिया, दमा, फुफ्फुसाचे जुने आजार, हृदयविकार, पक्षाघात अशा नावांनी ही माणसे जातात. मृत्यूच्या दाखल्यावर 'चूल' असे कारण कधी लिहिले जात नाही.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशभर कोट्यवधी निर्धूर चुली वाटल्या गेल्या आणि २००२ साली तो कार्यक्रम गुंडाळला गेला. अनेक गावांत त्या चुली फुटल्या, त्यांची धुराडी काजळीने बंद झाली, आणि बायका पुन्हा तीन दगडांवर आल्या. याचे खापर बऱ्याचदा बाईवर फोडले गेले. बायका अडाणी, त्यांना नवे नको असते, असे म्हटले गेले. पण त्या चुलीचे तोंड कुठे असावे, भाकरी शेकायला जागा किती लागते, वैलावर काय ठेवतात, जाडजूड लाकूड फोडायला घरात कोणाला वेळ आहे, हे चूल बनवताना किती ठिकाणी बाईला विचारले गेले? उद्दिष्ट चुलींच्या संख्येचे होते. संख्या पुरी झाली की काम संपले. हा अनुभव आपण लक्षात ठेवायचा, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

सिलिंडर आला, पण भरायचा कोणी?

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर अनामत न घेता गॅसची जोडणी, असे तिचे स्वरूप. सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी जोडण्या झाल्या, २०२१ साली दुसरा टप्पा आला आणि हा आकडा १० कोटींच्या पुढे गेला. या योजनेबद्दल कोणी काही म्हणो, एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इतक्या मोठ्या प्रमाणावर सरकारी कागदावर बाईचे नाव पहिल्या जागी येण्याचे प्रसंग आपल्याकडे फार थोडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली ४३.८ टक्के घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरात होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण ५८.६ टक्क्यांवर गेले. ही वाढ खरी आहे आणि तिचा फायदा बायकांच्या फुफ्फुसांना झाला आहे.

पण त्याच पाहणीत ग्रामीण भागाचा आकडा ४३.२ टक्के आहे. म्हणजे खेड्यातल्या निम्म्याहून अधिक घरांत तेव्हा चूलच मुख्य होती. आणि जोडणी मिळाली म्हणजे चूल विझली असेही नाही. स्वयंपाक पूर्णपणे गॅसवर करायचा तर मध्यम कुटुंबाला वर्षाला सात-आठ सिलिंडर तरी लागतात. उज्ज्वलाच्या ग्राहकांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरले. सरकारने मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान दिले, तेव्हा ही सरासरी वाढत २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास आली. म्हणजे निम्मा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो. तुमच्या-आमच्या घरांत काय दिसते? गॅस चहाला, पाहुण्याला, आजारपणाला. भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर.

असे का होते? पहिले कारण पैशाचे. सिलिंडरला पूर्ण रक्कम एका हाती मोजावी लागते आणि अनुदान मागाहून खात्यात येते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात एका वेळी इतके पैसे निघत नाहीत. दुसरे कारण वितरणाचे. गाडी वस्तीपर्यंत येत नाही, सिलिंडर आणायला मोटारसायकल आणि एका माणसाचा दिवस लागतो. पण तिसरे कारण आपल्या चळवळीने नीट समजून घेण्याचे आहे. सरपण 'फुकट' आहे असे घरात मानले जाते. ते फुकट कशाने झाले? ते आणणाऱ्या बाईच्या वेळेला आणि पाठीला किंमत नाही, म्हणून. गॅसला रुपये लागतात, आणि रुपये कशावर खर्च करायचे हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतो. त्याच्या दृष्टीने एका बाजूला कित्येक शे रुपये आणि दुसऱ्या बाजूला शून्य. तो शून्य निवडतो. जोडणी बाईच्या नावावर झाली, पण पाकिटाची दोरी तिच्या हातात आली नाही. ज्या गटांत बायकांची स्वतःची कमाई आणि बचत आहे तिथे सिलिंडर लवकर भरला जातो, असे आमच्या कामाच्या भागात आम्हाला दिसते. म्हणजे धुराचा प्रश्न शेवटी मजुरीच्या प्रश्नापाशीच येऊन पोहोचतो.

आता एक अवघड प्रश्न. गॅस हेही जमिनीतून काढलेलेच इंधन. शिवाय देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून बराच जास्त आपण बाहेरून आणतो, तोही मुख्यतः आखाती देशांतून. तिकडे काही गडबड झाली की इकडे आपल्या स्वयंपाकघरात भाव चढतो. मग एकीकडे जमिनीतली इंधने कमी करा म्हणायचे आणि दुसरीकडे गरीब बाईला गॅस द्या म्हणायचे, हे परस्परविरोधी नाही का? पर्यावरणाच्या बैठकांत हा प्रश्न मला विचारला गेला आहे. माझी भूमिका स्पष्ट आहे. वातावरण तापवले ते मोठ्या कारखान्यांनी, मोटारींनी आणि श्रीमंत देशांनी. वर्षाला चार सिलिंडर जाळणाऱ्या बाईने ते तापवलेले नाही. काटकसरीची सुरुवात तिच्यापासून करता येणार नाही. पण म्हणून कायम आयात गॅसवर अवलंबून राहायचे असेही नाही. तिला धुरातून आज बाहेर काढायचे आणि गॅसला पर्याय उभा करण्याचे काम आजच सुरू करायचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.

पर्याय आहेत. गोबरगॅस आपल्याला नवा नाही. १९८१-८२ पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने घरातल्या उष्ट्या-खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले आणि २००६ साली त्याला आंतरराष्ट्रीय ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण इथेही बाईच्या बाजूने प्रश्न विचारायला हवा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. तेवढेच पाणी हवे. शेण कालवणार कोण? पाणी आणणार कोण? जिथे पाण्याला टँकर लागतो तिथे गोबरगॅसची योजना म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी दोन हंडे. विजेच्या शेगडीचेही तसेच आहे. शेगडी चांगली, धूर नाही. पण ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज जाते, दाब कमी असतो, घरातली वायर जुनी असते. त्यामुळे 'स्वच्छ स्वयंपाक' ही मागणी आता 'भरवशाची वीज' या मागणीला जोडावी लागेल.

वीज येते कुठून?

जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले, की देशाच्या एकूण वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, तेल, गॅस यांशिवायची आहे. २०३० चे हे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले. ही मोठी गोष्ट आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज यांत फरक असतो. घरात कमावते हात दोन असले, तरी एकाला दिवसाचे चार-पाच तासच काम मिळते आणि दुसरा रात्रंदिवस राबतो, तसे हे आहे. सौर पॅनेल उन्हातच काम करते, कोळशाचे केंद्र रात्रीही चालते. म्हणून २०२४-२५ साली तयार झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

आपल्या राज्यात त्या कोळशाचा भार विदर्भाने वाहिला. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे. नागपूरजवळ कोराडी, खापरखेडा. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. गाडीभर कोळसा जाळला की तिसरा हिस्सा राख उरते. ती राख तलावात साठवतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत गेले. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रे ठरवली, त्यांत चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. मुंबई-पुण्याचे दिवे लागतात आणि चंद्रपूरच्या बाईला भांड्यांवरची, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख रोज झटकावी लागते. हेही घरकामच आहे आणि त्याचाही कुठे हिशेब नाही.

मग ही केंद्रे आणि खाणी हळूहळू बंद होणार म्हटल्यावर आनंद व्हायला हवा. पण खाणीवर आणि केंद्रावर हजारो घरे जगतात. कायम कामगाराला निवृत्तिवेतन, भरपाई, दुसरीकडे बदली मिळू शकते. कंत्राटी सफाई करणारी, कोळसा वेचणारी, कामगारांचे डबे करणारी, वसाहतीत धुणीभांडी करणारी बाई कोणत्याच यादीत नसते. तिला कोण भरपाई देणार?

ही भीती काल्पनिक नाही, आपल्या इतिहासात ती घडलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत बायका मोठ्या संख्येने काम करत होत्या. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीतून वाहायची. १९२९ पासून नियम करून त्यांना भूगर्भातून बाहेर काढायला सुरुवात झाली आणि १९३७ साली पूर्ण बंदी आली. कारण सांगितले बायकांच्या आरोग्याचे. पण दुसऱ्या महायुद्धात कोळशाची निकड लागली तेव्हा १९४३ साली तीच बंदी उठवली आणि १९४६ साली पुन्हा लादली. म्हणजे बाईचे आरोग्य नाजूक आहे की नाही, हे कोळशाच्या गरजेवर ठरत होते. घरातली एक मजुरी गेली, त्याबदल्यात बायकांना दुसरे काम कोणी दिले नाही. भूगर्भातल्या कामाचे दार कायद्याने पुन्हा उघडायला २०१९ साल उजाडले. उद्योगाची घडी बदलते तेव्हा आधी बाई बाहेर पडते आणि सर्वांत शेवटी आत येते, हे यातून शिकायचे.

वेलदूरच्या बायका

वीजप्रकल्पाला प्रश्न विचारणाऱ्या बायकाही याच राज्यातल्या आहेत. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला. करार डिसेंबर १९९३ चा. जमीन, पिण्याचे पाणी, खाडीतली मासेमारी यांचे काय होणार, असे आसपासच्या गावांनी विचारले. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूर या कोळ्यांच्या गावात पोलीस घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली, अटक झाली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संघटनांनी या घटनांची नोंद केली आहे. १९९९ साली नाफ्त्यावर चालणारा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली, की २००१ साली वीजमंडळाने ती घेणे थांबवले, केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षअखेर कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. ज्या प्रश्नांसाठी बायकांनी मार खाल्ला ते प्रश्न बरोबर होते, हे राज्याला कळेपर्यंत चार वर्षे गेली आणि फार मोठी किंमत मोजावी लागली. ऊर्जेच्या प्रश्नात बायकांनी काय बोलायचे, असे पुन्हा कोणी विचारले तर वेलदूरचे नाव सांगा.

सूर्य सगळ्यांचा, जमीन कोणाची?

आता सौरऊर्जेकडे येऊ. ती स्वच्छ आहे, आपल्याकडे ऊन भरपूर आहे, आणि शेतीला दिवसा वीज मिळण्याचा तोच खरा मार्ग दिसतो. रात्रीची वीज आली की पाणी द्यायला कोण जाते, साप, बिबट्या यांच्या भीतीने घरात कोण जागे राहते, हे आपल्याला माहीत आहे. नवरा गेला असेल तर पंप चालू करायला रात्री बाईलाच शेतात जावे लागते. म्हणून दिवसा वीज ही मागणी शेतकरी बाईची मागणी आहे.

२०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा. गावाजवळच्या वीज उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभे करायचे आणि त्यावर शेतीपंप चालवायचे. खासगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर दुसऱ्या टप्प्यात ठरला. कोरडवाहू जमिनीला हा दर चांगलाच आहे. पण भाडे कोणाच्या खात्यात जाईल? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशात शेतजमीन धारण करणाऱ्यांत बायकांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. शेतात राबणाऱ्या बायकांची संख्या तुम्ही आपापल्या गावात मोजा आणि ताडून पाहा. २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजना आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे, उरलेले सरकार देणार. मागेल त्याला मिळेल हे ठीक, पण मागायला सातबारा लागतो. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायची केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्याला स्वतःचे पक्के छत आणि आपल्या नावाची वीजजोडणी लागते. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईला छत नाही, आणि पक्क्या घरातल्या बाईच्या नावावर बहुधा मीटर नाही. योजना कोणालाही वगळत नाही असे कागदावर दिसते. बाईला वगळण्याचे काम आधीच होऊन गेलेले असते, तलाठ्याच्या दप्तरात.

म्हणून जमिनीतल्या वाट्याची आपली जुनी मागणी ऊर्जेच्या मागणीपासून वेगळी काढता येत नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि त्यापुढच्या वर्षांत शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. बायकोच्या नावाने जमिनीचा तुकडा करून द्या, असे गावोगाव पुरुषांना सांगितले गेले आणि अनेक गावांनी ते केले. पुढे सरकारनेही त्या नावाची योजना आणली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि २००५ साली ती देशभर झाली. कायदा आहे, वाट आहे. सौर भाड्याचा करार करायच्या आधी सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावा, हे सांगण्याची आज फार चांगली वेळ आहे.

दुसरा प्रश्न गायरानाचा. प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी देण्यावर योजनेचा भर आहे. कागदावर ती जमीन 'पडीक'. पण भूमिहीन घरातली बाई तिथून गवत आणते, शेळ्या चारते, शेण आणि काटक्या गोळा करते. अनेक दलित, भटक्या कुटुंबांनी तिथे वर्षानुवर्षे शेती केली आहे. तिथे कुंपण पडले की त्या बाईची शेळी विकली जाते. ज्या सूर्याने गावाला दिवसा वीज दिली त्यानेच तिची चूल विझवली, तर या ऊर्जेला स्वच्छ म्हणायचे कसे?

बायकांनी करून दाखवलेले

हे सगळे ऐकून निराश व्हायचे कारण नाही. राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी बायका आयआयटी मुंबईच्या प्रकल्पात सौर दिवे जोडायला शिकल्या आणि २०१७ साली त्यांची सौर पॅनेल बनवणारी स्वतःची कंपनी उभी राहिली. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या बायकांची कमाई खारे पाणी उपसणाऱ्या डिझेल पंपात जात असे. 'सेवा' संघटनेने कर्ज मिळवून देऊन सौरपंप आणले आणि डिझेलचा खर्च कमी झाला. तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये शाळेत न गेलेल्या आज्या सौर दिव्यांची दुरुस्ती शिकून आपल्या गावी परतल्या. तिन्ही ठिकाणी यंत्र वेगळे आहे, पण बाई लाभार्थी म्हणून रांगेत उभी नाही. मालक किंवा कारागीर म्हणून तिच्या हातात काहीतरी आहे.

आपण काय करायचे

आता कामाचे बोलू. प्रत्येक गटाने आपापल्या गावात, वस्तीत एवढे करावे.

१. चुलीची पाहणी. किती घरांत सिलिंडर आहे, वर्षात किती वेळा भरला, सरपणाला आठवड्यात किती तास जातात, खोकला-दमा किती जणींना आहे. वहीत लिहा. आपला आकडा आपल्याकडे असला की अधिकारी वेगळे बोलतो.

२. सिलिंडरसाठी गटाच्या बचतीतून छोटे, बिनव्याजी कर्ज द्या. अनुदान जमा झाले की फेड. उज्ज्वलाच्या ग्राहकाला १४.२ किलोऐवजी ५ किलोचा सिलिंडर घेता येतो, त्याची माहिती बायकांना द्या आणि वितरकाकडे तो मागा.

३. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. त्या सभेत विचारा, गावात सौर प्रकल्प येतो आहे का? कोणत्या गट नंबरवर? ती गायरान जमीन कोण वापरते? ग्रामपंचायतीला मिळणारी रक्कम कशावर खर्च होणार? ठराव लिहून घ्या आणि नक्कल मागा.

४. सौर भाडे असो की सौरपंप, अर्जाआधी सातबाऱ्यावर बाईचे नाव, हा आपल्या गटातल्या घरांपासून नियम करा. दुसऱ्याला सांगण्याआधी आपल्या घरी.

५. पॅनेल धुणे, राखण, दुरुस्ती, मीटर वाचन ही कामे गावातल्या मुलींना आणि भूमिहीन बायकांना मिळावीत, त्याचे प्रशिक्षण मिळावे, अशी मागणी करा. आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग मुलींसाठीही आहे.

६. कोळशाच्या पट्ट्यातल्या गटांनी कंत्राटी आणि असंघटित बायकांची यादी आतापासून करावी. केंद्र किंवा खाण बंद व्हायची वेळ येईल तेव्हा यादी करत बसलो तर उशीर झालेला असेल.

मैत्रिणींनो, स्वच्छ ऊर्जा आपल्याला हवीच आहे. आपल्याइतका धूर दुसऱ्या कोणी गिळलेला नाही. पण धूर गेला आणि मजुरी, गायरान, सातबारा, निर्णय हे सगळे जिथल्या तिथे राहिले, तर फक्त भिंती पांढऱ्या होतील. पुढची ग्रामसभा फार लांब नाही. तिच्या आधीच्या महिला सभेची तारीख इथून उठण्यापूर्वी प्रत्येक गटाने ठरवावी आणि मागे बसलेल्या ताईंच्या वहीत लिहून जावी, एवढी विनंती करते आणि थांबते.